चेनचा रनर नेमके करतो काय?

प्रश्न : पँटची, दप्तराची, प्रवासी बॅगेची चेन आपण दिवसातून कितीदा तरी लावतो-उघडतो. पण एकच रनर एका दिशेला ओढला की चेन लागते आणि तोच उलट ओढला की उघडते, हे कसे? आत चुंबक असते का? की रनर दाते दाबून एकमेकांत घट्ट बसवतो? आणि एकदा बसलेले दाते दोन्ही बाजूंनी ओढले तरी सुटत का नाहीत?

उत्तर : आधी चुंबकाचा निकाल लावू. चेनमध्ये चुंबक नसते. धातूच्या चेनचे दाते बहुतेक वेळा पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे असतात आणि या दोन्ही धातूंना चुंबक चिकटतच नाही. प्लास्टिकच्या चेनबद्दल तर बोलायलाच नको. रनर दाते दाबून बसवतो हा तुमचा दुसरा तर्क खऱ्याच्या जवळ जातो, पण अर्ध्या वाटेवर थांबतो. नुसत्या दाबाने बसलेली वस्तू तेवढ्याच ओढीने सुटायला हवी. इथे तर दोन हातांच्या ओढीला दाद न देणारे दाते रनरला धरलेल्या दोन बोटांपुढे निमूट वेगळे होतात. म्हणजे काम जोराचे नाही, युक्तीचे आहे.

ती पाहायची तर धातूचे दाते असलेली एखादी जुनी जीन्स घ्या आणि उजेडात बसा. भिंग असेल तर उत्तमच. चेनच्या दोन कापडी पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीच्या आतल्या काठाला जाडसर दोरीसारखी कड असते आणि त्या कडेला एकेक दाता चिमट्यासारखा आवळून बसवलेला असतो. चेन लावलेली असताना डावीकडचे आणि उजवीकडचे दाते समोरासमोर येत नाहीत. डावीकडच्या दोन दात्यांमधल्या फटीत उजवीकडचा एक दाता बसलेला असतो आणि उजवीकडच्या फटीत डावीकडचा.

आता एकच दाता न्याहाळा. त्याच्या टोकाला एका अंगाने बारीकसा उंचवटा दिसेल. दुसऱ्या अंगाने, म्हणजे उंचवट्याच्या बरोबर पाठीमागे, तेवढाच खळगा असतो. चेन लागते तेव्हा प्रत्येक दात्याचा उंचवटा त्याच्या पुढच्या दात्याच्या खळग्यात जाऊन बसतो. हा पुढचा दाता समोरच्या पट्टीवरचा असतो. त्याचा उंचवटा त्याच्याही पुढच्या दात्यात बसतो, आणि अशी साखळी थेट टोकापर्यंत जाते. चेनमध्ये आकडे किंवा हुक असतात असा पुष्कळांचा समज आहे. पण हुक एकही नसतो, असतात ते हे उंचवटे आणि खळगे.

इथे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पट्ट्या डावी-उजवीकडे ओढल्या की उंचवटा आपल्या खळग्याच्या काठाला अडतो. त्याला खळग्यातून बाहेर यायचे तर शेजारच्या दात्यांनी चेनच्या लांबीच्या दिशेने जरा सरकून जागा द्यायला हवी. पण दाते ज्या पट्टीवर आवळलेले आहेत ती घट्ट विणीची असते आणि लांबायला तयार नसते. त्यामुळे दाते सरकत नाहीत, उंचवटे सुटत नाहीत आणि तुमची ओढ एका दात्यावर न येता अनेक दात्यांत वाटली जाते.

मग जागाच नाही तर दाते आत शिरतात तरी कसे? सगळी गंमत या प्रश्नात आहे. एखादी वही हातात घ्या आणि तिची पाठ बाहेरच्या बाजूला मोडल्यासारखी वाकवा. शिवणीपाशी पाने जिथल्या तिथे राहतात, पण मोकळ्या कडा पंख्यासारख्या पसरतात आणि पानापानांत फट पडते. वही सरळ केली की फट मिटते. चेनच्या पट्टीचेही हेच होते. ती वाकली की काठावरच्या दात्यांची टोके एकमेकांपासून दूर जातात. तेवढ्या वेळात समोरचा दाता त्या फटीत शिरतो. पट्टी पुन्हा सरळ झाली की फट मिटते आणि आत आलेला दाता उंचवट्या-खळग्यासह जागच्या जागी अडकतो.

पट्टी योग्य जागी, योग्य कोनात वाकवायची आणि लगेच सरळ करायची, एवढेच रनरचे काम. रनर पोटाकडून पाहिला तर त्याच्या आत इंग्रजी वाय अक्षरासारखी वाट दिसते. पुढच्या अंगाला दोन तोंडे, मागच्या अंगाला एक. दोन तोंडांच्या मध्ये पाचरीसारखा एक खांब असतो आणि तोच रनरच्या वरच्या व खालच्या पत्र्याला जोडून ठेवतो. चेन लावताना दोन पट्ट्या दोन तोंडांतून तिरप्या आत येतात आणि मधल्या वाटेला लागताना सरळ होतात. तिरप्याची सरळ होताना प्रत्येक पट्टी बाहेरच्या बाजूला वळसा घेते, त्यामुळे आतल्या काठावरचे दाते पंख्यासारखे पसरतात. डावा, उजवा, डावा, उजवा असे एकाआड एक ते फटीत शिरतात आणि मागच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत बंदिस्त झालेले असतात.

उघडताना हाच क्रम उलटा होतो. लागलेली चेन मागच्या तोंडातून आत येते, पुढे मधली पाचर आडवी येते आणि दोन्ही पट्ट्यांना आपापल्या तोंडाकडे वळावे लागते. वळताना दाते पुन्हा पसरतात, उंचवटे खळग्यातून मोकळे होतात आणि एकेक दाता अलगद सुटतो. रनर एका वेळी एक-दोन दात्यांशीच व्यवहार करतो, म्हणून बोटाची ओढ पुरते. आपण दोन हातांनी ओढतो तेव्हा मात्र अनेक दात्यांशी एकदम झुंजत असतो.

जीन्स हातात आहेच, तर आणखी एक बारकावा पाहून घ्या. तिच्या रनरची दांडी आडवी पाडली की चेन आपोआप खाली घसरत नाही. अशा रनरमध्ये एक बारीक काटा असतो. दांडी पडलेली असताना तो दात्यांच्या मधे उतरून रनरला जागेवर धरतो. दांडी उचलून ओढली की काटा वर येतो आणि वाट मोकळी होते. पैशाच्या साध्या पाकिटाला हा काटा बहुधा नसतो, कारण तिथे चेनवर उठण्या-बसण्याचा ताण येत नाही.

प्रश्न : प्रश्नमंजूषेच्या एका पुस्तकात चेनचा शोध व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये लावला असे वाचले. दुसऱ्या पुस्तकात गिडिऑन सुंडबॅक, १९१७ असे आहे. मुलीला कोणते उत्तर पाठ करायला सांगू? एकाच वस्तूचे पेटंट दोघांना कसे मिळेल?

उत्तर : दोघांनाच काय, तिघांना मिळाले आहे, आणि त्यात कुणाचीही लबाडी नाही. घोळ होतो तो पेटंट कशाचे मिळते याविषयीच्या गैरसमजामुळे. ‘कपडा झटकन बंद करायची सोय’ या कल्पनेला पेटंट मिळत नाही. ती सोय कोणत्या रचनेने साधली, भाग कोणते, ते एकमेकांत कसे बसतात, हे अर्जात नेमके मांडावे लागते आणि हक्क मिळतो तो त्या रचनेपुरता. दुसऱ्या कुणी तोच हेतू वेगळ्या रचनेने साधला तर त्याला वेगळे पेटंट मिळू शकते. एवढे ध्यानात ठेवून तिघांकडे पाहू.

पहिले एलियस हाउ. शिलाई मशीनच्या इतिहासात ज्यांचे नाव येते तेच हे अमेरिकन गृहस्थ. १८४६ मध्ये त्यांना शिलाई मशीनचे पेटंट मिळाले आणि १८५१ मध्ये कपडे सलग बंद करायच्या एका साधनाचे. त्यात दोरीने ओढल्या जाणाऱ्या पकडी होत्या. आजच्या चेनशी त्या साधनाचे नाते दूरचेच. हाउ यांनी पुढे त्याचा पाठपुरावा केला नाही, कारण शिलाई मशीनच्या हक्कांसाठी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत होत्या. त्यात त्यांना यश आले आणि पैसाही भरपूर मिळाला. कपड्यांची पकड कागदावरच राहिली.

दुसरे जडसन. हे शिकागोचे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ट्रामगाड्यांची पेटंटे त्यांच्या नावावर होती. त्या काळी बूट घोट्याच्या बऱ्याच वर येत आणि रोज नाडी ओवत किंवा बटणांची रांग लावत बसावे लागे. जडसन यांनी बुटासाठी आकड्यांच्या दोन रांगा आणि त्या जुळवत जाणारा एक सरकता तुकडा तयार केला. २९ ऑगस्ट १८९३ रोजी त्यांना त्याची पेटंटे मिळाली. त्याच वर्षी शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथेही ही वस्तू मांडली गेली, पण गिऱ्हाइकांनी फारशी दखल घेतली नाही. लुइस वॉकर नावाच्या एका वकिलाला मात्र ती फार आवडली. त्यांनी कंपनी काढायला मदत केली आणि पुढची कित्येक वर्षे, तोटा होत असतानाही, या वस्तूवरचा विश्वास सोडला नाही. माझ्या मते चेनच्या इतिहासात वॉकर यांचे नाव अधिक ठळक यायला हवे. शोधकाच्या मागे पैसा आणि धीर घेऊन उभा राहणारा माणूस बहुतेक पुस्तकांतून गळतो.

जडसन यांची कल्पना उत्तम होती, अडचण तिच्या अंमलात होती. त्यांच्या पकडीत खरोखरच हुक आणि त्यात अडकायच्या कड्या होत्या. दोहोंना एकमेकांत गुंतवायला सरकता तुकडा चाले, पण कापड वाकले, माणूस खाली बसला की हुक निसटत. १९०५ च्या सुमारास त्यांनी ही पकड सुधारून कपड्यांसाठी बाजारात आणली. तिच्या नावातच सुरक्षेची हमी होती आणि एका ओढीत काम होते अशी तिची जाहिरात केली जाई. प्रत्यक्षात ती भलत्या वेळी उघडे, कधी अडकून बसे, शिवाय धुतल्यावर गंजे. स्कर्ट शिवणाऱ्या कारखान्यांनी एकदा अनुभव घेतला आणि या वस्तूचे नाव टाकले. जडसन १९०९ मध्ये वारले.

आता सुंडबॅक. जन्म १८८० चा, स्वीडनमधला. अभियांत्रिकीचे शिक्षण जर्मनीत झाले. १९०५ मध्ये ते अमेरिकेत आले आणि पिट्सबर्गला वेस्टिंगहाउस या विजेच्या यंत्रांच्या कंपनीत लागले. पुढच्याच वर्षी ते न्यू जर्सीतल्या होबोकन इथे, जडसन यांची पकड बनवणाऱ्या कारखान्यात आले. कारखान्याचे व्यवस्थापक आरॉन्सन यांची मुलगी एल्व्हिरा हिच्याशी त्यांचे लग्न झाले.

सुरुवातीची काही वर्षे सुंडबॅक जडसन यांच्याच हुकांची डागडुजी करत राहिले. हुक लांब केले, त्यांचा कोन बदलला. पकड पहिल्यापेक्षा बरी झाली, पण वाकल्यावर सुटण्याचा दोष गेला नाही. १९११ मध्ये एल्व्हिरा वारली. त्या दुःखाच्या काळात सुंडबॅक यांनी रात्रंदिवस स्वतःला कामात बुडवून घेतले असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

मग त्यांनी हुक टाकूनच दिला. पहिल्या प्रयत्नात एका पट्टीवर स्प्रिंगसारखे बारीक चिमटे होते आणि दुसऱ्या पट्टीची जाड कापडी कड ते पकडत. पकड छान बसे, पण वारंवार वापरल्यावर चिमटे ती कड खाऊन टाकत. कापड आणि धातू एकमेकांवर घासले की झिजणार कापडच, हे उघड होते. १९१३ च्या अखेरीस त्यांनी दोन्ही पट्ट्यांवर धातूचेच आणि अगदी एकसारखे भाग बसवायचे ठरवले. प्रत्येक भागाला एका अंगाने उंचवटा आणि दुसऱ्या अंगाने खळगा. तुमच्या जीन्समध्ये आहेत तेच हे दाते.

आणखी एक फरक त्यांनी केला, आणि चेनच्या टिकाऊपणाचे श्रेय त्यालाच आहे. आधीच्या पकडींत एका इंचात साधारण चार भाग असत. सुंडबॅक यांनी ते दहापर्यंत नेले. भाग लहान आणि जवळजवळ झाल्यामुळे कापड वाकले तरी दोन भागांमधला कोन थोडाच बदलतो आणि उंचवटा खळग्यातच राहतो. जडसन यांची पकड माणूस बसला की का उघडे आणि आजची चेन का उघडत नाही, याचे कारण यात आहे.

ऑगस्ट १९१४ मध्ये त्यांनी अर्ज केला. २० मार्च १९१७ रोजी अमेरिकेचे १२,१९,८८१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यात वस्तूला चेन किंवा झिपर म्हटलेले नाही. ‘विलग करता येणारी पकड’ एवढेच तिचे वर्णन आहे.

पण हे बारके दाते बनवायचे कसे? हाताने एकेक दाता घडवून पट्टीवर बसवायचा तर चेन कपड्यापेक्षा महाग पडली असती. पत्र्यातून दाते ठोकून काढले तर उरलेला पत्रा वाया जातो. सुंडबॅक यांनी यासाठी जे यंत्र बनवले त्याचे मला दात्याच्या रचनेइतकेच कौतुक वाटते. त्यांनी आडव्या छेदात वाय अक्षरासारखी दिसेल अशी तार ओढून घेतली. यंत्र त्या तारेचे पातळ काप काढी. प्रत्येक कापावर ठोका पडून उंचवटा आणि खळगा उमटे, आणि वायचे दोन पाय पट्टीच्या जाड कडेभोवती आवळले जात. तारेचा कापच दाता असल्याने भंगार काहीच उरत नसे. पहिल्या काळात या यंत्रातून दिवसाला काहीशे फूट चेन निघे. तेवढ्यातच पूर्वीचा खर्चाचा हिशेब बदलला.

कंपनी १९१३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या मेडव्हिल या गावी गेली आणि ‘हुकलेस फासनर’ असे नाव तिने घेतले. जुन्या हुकांशी आपला संबंध तुटला हे गिऱ्हाइकांना सांगणे तिला गरजेचे वाटले असावे. तरीही शिंप्यांचे आणि कारखानदारांचे मन लगेच वळले नाही. पहिली बरी मागणी आली ती पहिल्या महायुद्धात. खलाशांच्या गणवेशाला पैसे ठेवायला धड खिसा नसे, म्हणून चेन लावलेले कमरेचे पैशांचे पट्टे त्यांच्यात खपू लागले. नंतर वैमानिकांच्या पोशाखांना आणि तंबाखूच्या पाकिटांना चेन लागली.

‘झिपर’ हे नाव सुंडबॅक यांचे नव्हे. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या गुडरिच या रबर कंपनीने चेन लावलेले पावसाळी बूट बाजारात आणले. चेन ओढताना होणाऱ्या आवाजावरून तिने त्या बुटांना झिपर म्हटले. नाव होते बुटांचे, पण लोकांनी ते चेनलाच चिकटवले. आपल्याकडच्या झिपचा उगम तिथला.

कपड्यांत चेन सर्रास यायला १९३० चे दशक उजाडले. आधी ती लहान मुलांच्या कपड्यांत आली, कारण मुलाला स्वतःचे कपडे स्वतः घालता येतात ही गोष्ट आईबापांना पटली. पॅरिसच्या नामांकित वस्त्रकार एल्सा स्कियापारेल्ली यांनी त्याच दशकात रंगीत चेन झाकून न टाकता दिसेल अशी उंची पोशाखांवर लावली. पुरुषांच्या पँटवरची बटणे मागे पडू लागली ती या दशकाच्या उत्तरार्धात. जडसन यांच्या पहिल्या पेटंटपासून इथवर चाळीसहून अधिक वर्षे गेली होती.

तेव्हा मुलीला असे सांगा : आकड्यांची एक ओळ दुसरीशी सरकत्या तुकड्याने जुळवायची ही कल्पना जडसन यांची, १८९३. आज आपण वापरतो ती चेन सुंडबॅक यांची, पेटंट १९१७. एकच नाव लिहायची सक्ती असेल तर मी सुंडबॅक लिहीन. चेनची खरी परीक्षा ती लागून राहते की नाही ही आहे, आणि त्या परीक्षेत उतरली ती त्यांची रचना.

प्रश्न : घरातल्या निम्म्या कपड्यांच्या रनरवर ‘वायकेके’ अशी अक्षरे दिसतात. तो चेनच्या आकाराचा काही क्रमांक आहे का?

उत्तर : क्रमांक नाही, ती एका जपानी कंपनीच्या पूर्वीच्या नावाची आद्याक्षरे आहेत : योशिदा कोग्यो काबुशिकीगाइशा, म्हणजे योशिदा औद्योगिक कंपनी. तादाओ योशिदा यांनी १९३४ मध्ये टोकियोत चेनचा धंदा सुरू केला. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात कारखाना गेला, तो त्यांनी तोयामा भागातल्या उओझू इथे पुन्हा उभारला. १९५० च्या सुमारास अमेरिकेतून चेन बनवायचे यंत्र आणले आणि पुढे यंत्रेही आपणच बनवू लागले. पट्टीच्या धाग्यापासून रनरपर्यंत सारे घरच्या कारखान्यात करायचे हे त्यांचे धोरण.

इथे पेटंटचा एक नियम सांगण्याजोगा आहे. त्या काळी अमेरिकेत पेटंटचा हक्क मंजुरीपासून सतरा वर्षे चाले. सुंडबॅक यांचे १९१७ चे पेटंट म्हणजे १९३४ मध्ये संपले. मुदत संपली की ती रचना सर्वांची होते आणि कुणीही, कुठेही ती बनवू शकतो. मक्तेदारी मिळते ती रचना कागदावर सविस्तर उघड केल्याच्या बदल्यात. एका कंपनीची वस्तू जगभरच्या कारखान्यांची होण्यात या मुदतीचा मोठा वाटा असतो.

प्रश्न : प्रवासी बॅगेची चेन लावतो तर रनरच्या मागून ती उघडतच जाते. दुकानदार म्हणतो पूर्ण चेन बदला. दुसरा म्हणतो बॅगच नवी घ्या. खरेच काही इलाज नाही का?

उत्तर : आहे, आणि बहुतेक वेळा अगदी स्वस्तात. दोष चेनचा नसून रनरचा असण्याची शक्यता जास्त. रनरचे दोन पत्रे फक्त पुढच्या पाचरीपाशी जोडलेले असतात, मागच्या बाजूला मोकळे. वर्षानुवर्षे ओढून, शिवाय बॅग गच्च भरून चेन खेचल्याने, ते मागच्या बाजूला हलकेच फाकतात. मग दोन ओळी आत येतात, जवळ येतात, पण एकमेकींत पुरत्या शिरत नाहीत आणि रनर पुढे गेला की सुटून येतात.

रनर उघड्या टोकाला न्या. पकडीने त्याच्या मागच्या भागाची डावी कड अलगद दाबा, तशीच उजवी. अलगद हा शब्द विसरू नका, कारण जास्त दाबले तर पत्रे दात्यांना आवळतील आणि रनर हलणार नाही. एकदा ओढून पाहा, गरज पडली तर आणखी किंचित दाबा. जुना धातू ठिसूळ असेल तर रनर तडकतोही. अशा वेळी नवा रनर बसवायचा. बॅग, चपला दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे वेगवेगळ्या मापांचे रनर असतात. रनरच्या पाठीवर बरेचदा मापाचा आकडा असतो, तो पाहून त्याच मापाचा मागा.

प्रवासी बॅगेची चेन सहसा सुट्या दात्यांची नसते. प्लास्टिकचा एक सलग धागा स्प्रिंगसारखा वेटोळे करून पट्टीवर शिवलेला असतो आणि वेटोळ्यांची जरा चपटी केलेली टोके दात्यांचे काम करतात. ती कोपऱ्यावरून सहज वळते, म्हणून बॅगेला सोयीची. मधेच उघडली तरी रनर एका टोकापर्यंत नेऊन परत आणला की पूर्ववत लागते. धातूच्या चेनचा एखादा दाताच गळाला असेल तर मात्र तिथे पकडायला काही उरत नाही. ती चेन बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

रनर फाकलेला नाही, पण ओढायला जड जातो, अशी तक्रार असेल तर दात्यांवर मेणबत्ती घासा किंवा शिसपेन्सिलीचे टोक फिरवा. तेल घालू नका. त्याने कापडावर डाग पडतो आणि धूळ चिकटून चेन आणखी अडते. कापड रनरमध्ये अडकले असेल तर रनर पुढे रेटू नका. तो आलेल्या वाटेने थोडा मागे घ्या आणि कापड बाजूला हळूहळू ओढा.

आणि दुकानदाराने पूर्ण चेन बदलायला सांगितली, तर आधी एवढेच विचारा : ‘नुसता रनर बदलून पाहू या का?’